निबंधात समोर कोणी नसतं

आमच्या शेजारचे आठल्येसर मला आजवर एकदाही 'तुम्ही' म्हणालेले नाहीत. 'तू' तर लांबच राहिलं. भिंतीला भिंत लागून घरं, एकाच गल्लीत दोघांचे केस पांढरे झाले, पण हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून मलाच विचारतो, "दत्तोपंतांची तब्येत आज बरी दिसते?"

पहिल्या पहिल्यांदा मी मागे वळून बघायचो. म्हटलं, हे कोण दत्तोपंत माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले? मला उभ्या काशीत दत्तू आचारी म्हणतात. मागे कधीच कोणी नसायचं, फार तर एखादी गाय. आता मान वळवताना कटकन वाजते, तरी सर बोलले की मी मागे बघतोच. सवय.

हे मी निबंध म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. निबंध मी एकदाच लिहिला, त्याची हकीकत पुढे येईल. तेव्हा तुम्हाला 'तुम्ही' म्हणायला मी मोकळा आहे आणि मनसोक्त म्हणणार आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गात बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. चूक मास्तरांची होती. असो.

तर सर. अमृतराव घाटाकडे उतरायच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाली बसते. सर तिच्यापुढे पिशवी धरून उभे राहतात आणि म्हणतात, "भिंडी किस भाव दी जा रही है?" ती म्हणते, "हमहीं देत हई गुरुजी, इहाँ औरो केहू हौ का?" मीच देतेय, इथे दुसरं कोण आहे, असं तिचं म्हणणं. भेंडी घेतली जाते, पैसे दिले जातात. एकदा ई-रिक्षात बसले होते. घर जवळ आलं तसं म्हणाले, "यहाँ रोका जाए." रिक्षावाल्याला वाटलं, गुरुजी फोनवर बोलताहेत. तो थेट मैदागिनला पोचला. सर तिथून पायी परत आले, घामाघूम. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "चालणं झालं."

बोरकरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा तर कहर झाला. पत्रिकेत 'आपण सहकुटुंब येऊन' वगैरे जे असतं ते होतं. सरांनी लाल पेन काढलं, 'आपण' खोडलं, समासात 'कोण?' असं लिहिलं आणि पत्रिका परत पाठवून दिली. बोरकरांना वाटलं, यांनी आमंत्रण नाकारलं. आणि लग्नाच्या दिवशी सर इस्त्रीचा कोट घालून दारात हजर. बोरकर इतके गडबडले की त्यांनी दोनदा अत्तर लावलं.

मी विचारलं होतं त्यांना. एकदा नाही, पुष्कळदा. ते इथल्या एका इंटर कॉलेजात जन्मभर निबंध शिकवायचे, हिंदीतून. त्यांचं एकच म्हणणं. "निबंध म्हणजे पत्र नव्हे, भाषण नव्हे. पत्राला समोर माणूस असतो, भाषणाला सभा असते. निबंधात समोर कोणी नसतं. जो समोर नाही त्याच्यावर 'तुम्ही' म्हणून बोट रोखणं हा उद्धटपणा."

"मग निबंध लिहायचा कोणासाठी?"

"विषयासाठी."

आता बघा. मी एवढ्या पंगतींचा स्वयंपाक केला, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घातलं, पण विषयासाठी कधी चूल पेटवली नाही. मला हे समजलं नाही, आजही समजत नाही. माझा हिसाब असा की मुलांच्या वह्यांतून ते 'तुम' आणि 'आप' खुडत राहिले, खुडत राहिले, आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या जिभेवरचंही खुडलं गेलं.

हे सगळं चालायचं ते शालिनीवहिनींच्या जिवावर. वहिनी म्हणजे सरांचं भाषांतर. मी त्यांच्या दारात गेलो की सर पेपरातून मान वर करून म्हणायचे, "बसणं व्हावं." मी उभाच. मग आतून आवाज यायचा, "बसा हो दत्तूभाऊजी, ते तुम्हालाच म्हणताहेत." सर भिंतीकडे बघून म्हणायचे, "शालिनीबाईंकडून चहा मिळण्यासारखा आहे का?" वहिनी म्हणायच्या, "मिळेल हो, शालिनीबाई इथेच मरताहेत." आणि हसायच्या. बायकोलाही त्यांनी कधी 'तू' म्हटलेलं मी ऐकलं नाही. भिंत पातळ आहे, म्हणून सांगतो. म्हटलं असतं तर ऐकू आलं असतं.

वहिनी गेल्याला तीन-चार वर्षं झाली. त्यानंतर सर बोलले की ते कोणाला बोलले हे सांगणारं कोणी उरलं नाही. मुलगा बंगळुरूला, फोनवर हिंदी-इंग्रजी बोलतो. सर त्याला विचारतात, "जेवण झालं?" तो म्हणतो, "किसका, बाबा?"

वहिनींच्या मागे सरांनी एकच गोष्ट केली. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांच्या नावानं निबंध स्पर्धा सुरू केली. कार्यक्रमाच्या पत्रकावर ओळ छापून यायची, 'कै. शालिनी आठल्ये स्मृती निबंध स्पर्धा, परीक्षक श्री. आठल्ये'. पत्रक आलं की सर ते घडी न घालता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचे आणि पुढचं पत्रक येईपर्यंत ते तिथेच असायचं. पहिल्या वर्षी बरेच निबंध आले, मग कमी झाले, मग अगदीच कमी. मुलं मराठी बोलतात तेवढं पुष्कळ, लिहितंय कोण? त्यातून लिहिलं तर सर लाल करून परत देणार. हा त्यांचा खास नियम. निबंध एकदा तपासून परत द्यायचा, स्पर्धकानं सुधारून पुन्हा द्यायचा, मग निकाल. म्हणजे शिक्षा दोनदा.

या वर्षी मंडळाची नवी सेक्रेटरी झाली केतकी. नागपूरची पोरगी, बँकेत बदलून आलेली, बोलायला चुरचुरीत. ती उत्सवाच्या आधी सरांकडे आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होतो, सगळं ऐकलं.

"सर, समितीचं म्हणणं आहे, या वेळी एक तरी निबंध आला तर स्पर्धा ठेवू. नाहीतर ती वेळ रील स्पर्धेला देऊ. मुलं रील करायला एका पायावर तयार आहेत."

"नियमात बसणारा निबंध येईल," सर म्हणाले.

"आणि नाही आला तर? पत्रक छापायचंय मला."

सर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पत्रकाकडे बघत राहिले. केतकी बाहेर आली. मला म्हणाली, "काका, वाईट वाटतं हो. पण कोण लिहिणार?"

"मी लिहितो," मी म्हणालो.

ती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "तुम्ही कुठे लिहिणार काका, तुम्ही आपले लाडू करा."

बस. आता माझा स्वभाव असा आहे की मला कोणी 'तुम्ही कुठे' म्हटलं की मी तिथेच जातो. तांदूळ तसेच टाकून मी कागद आणायला उठलो. आमची कुसुम म्हणाली, "निबंध म्हणजे काय ते माहीत आहे का?" मी म्हणालो, "सरांना माहीत आहे, तेवढं पुरे."

विषय सुचायला वेळ लागला नाही. मला येतं काय? पुरण. मी लिहिलं, 'काशीतील पुरण'. रोज दुपारी कुसुम आडवी झाली की लिहायला बसायचो. हाताला हळद, कागदाला हळद. लिहिताना काय व्हायचं, की पुढ्यात कोणी तरी चुलीशी बसलंय असं वाटायचं, आणि मी त्याला सांगायचो. 'तुम्ही हरभऱ्याची डाळ घ्या. तुम्ही ती बोटानं चेपून बघा. आता तुम्ही घाबरू नका.' इथला गूळ आपल्याकडच्यासारखा खडकाळ नसतो, हाताची ऊब लागली की पाघळतो. म्हणून डाळीचं पाणी, कट म्हणतो आपण, तो शेवटच्या थेंबापर्यंत निथळून काढायचा. ते मी नीट लिहिलं. 'तुम्ही घाई कराल, तसं करू नका. चाळणीत डाळ घालून तुम्ही शांत बसा. कट सगळा निथळू द्या. मी इथेच उभा आहे.'

हे वाक्य माझं मलाच आवडलं. कुसुमला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उभे कुठले, बसलाय की खाटेवर."

निबंधावर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक, असाही सरांचा नियम होता. म्हणून मी वर लिहिलं, स्पर्धक क्रमांक एक. दोन कोणी नव्हताच. केतकीनं निबंध हातात घेतला, हळदीचं बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं सरांना नेऊन दिला. पत्रक छापलं गेलं. वहिनींच्या नावाची ओळ राहिली.

चार दिवसांनी निबंध परत आला. लालेलाल. मी कोंबडी कापलेली पाहिलेली नाही, पण तशीच दिसत असेल. जिथे 'तुम्ही' तिथे रेघ. काही ठिकाणी तर अख्खं वाक्यच आडवं केलेलं. माझ्या त्या लाडक्या वाक्यांवर मोठी फुली आणि समासात तीन शब्द, 'कोण? कुठे? कशाला?'

मी तडक सरांच्या ओट्यावर गेलो. पण जाऊन काय बोलणार? स्पर्धक कोण हे परीक्षकाला माहीत असता कामा नये. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, पण नियम म्हणजे नियम. तेव्हा आमची बोलणी अशी झाली.

"स्पर्धक क्रमांक एक नाराज आहे म्हणतात," मी म्हणालो.

"स्पर्धकाची भाषा रोकडी आहे," सर म्हणाले. "पण स्पर्धकानं वाचकाच्या अंगावर धावून जाऊ नये."

"स्पर्धक म्हणतो, धावून गेलं नाही तर पुरण करपतं."

"'डाळ शिजवली जाते' असं लिहावं. म्हणजे डाळ शिजते आणि कोणाचा अपमान होत नाही."

"पण शिजवतं कोण?"

"कोणीही."

"स्पर्धक म्हणतो, कोणीही शिजवली तर बिघडेल."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि हे 'गूळ बेताचा'. बेत कोणाचा? वाचकाचा की लेखकाचा?"

"गुळाचा," मी म्हणालो. यावर ते जरा विचारात पडले. मीही पडलो, कारण खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. हात घालतो तेवढा बेत.

"ते कटाचं पाणी काढायचं वाक्य का खोडलं, असं स्पर्धक विचारतो."

"त्यात दोन वेळा 'तुम्ही' होतं आणि एकदा कोणीतरी उभं होतं. निबंधात कोणी उभं राहत नाही, दत्तोपंतांनी हे ध्यानात घ्यावं."

मी मागे वळून बघितलं. मग लक्षात आलं की मीच तो.

घरी आलो. कुसुम म्हणाली, "सोडून द्या." मी सोडणार? दोन दुपारी बसून सगळा निबंध त्यांच्या लाल शाईप्रमाणे लिहून काढला. डाळ शिजवली जाते. गूळ घातला जातो. वाटले जाते. लाटले जाते. वाचताना असं वाटायचं की घर रिकामं आहे आणि भांडी आपली आपण फिरताहेत. पण लिहिलं, आणि नियमाप्रमाणे लाल प्रतही सोबत जोडून दिली. वहिनींची ओळ राहायला हवी होती, आणि केतकीला दाखवायचं होतं. यातलं जास्त काय होतं ते मला सांगता येणार नाही.

निकाल गणपतीपुढे लागला. मंडप भरलेला, पुढे बायका, मागे रीलवाली मुलं. मी नवा कुर्ता घातला होता. सर माइकपाशी गेले, घसा साफ केला.

"प्रथम पारितोषिकाच्या योग्यतेचा निबंध आलेला नाही."

मी म्हटलं ठीक आहे, दुसरा तर दुसरा.

"द्वितीय पारितोषिकाच्या योग्यतेचा निबंध आलेला नाही. स्पर्धक क्रमांक एक यास उत्तेजनार्थ पारितोषिक देण्यात येत आहे."

मंडपात हशा पिकला. एकटा धावलो आणि तिसरासुद्धा आलो नाही. मी उठलो, पण व्यासपीठाकडे नाही, घराकडे. मागून केतकी धावत आली. "काका, थांबा ना. समिती म्हणते पुढच्या वर्षी बंदच करू, असला तमाशा नको. तुम्ही तरी सरांना समजवा."

"कोणाला समजवू? त्या घरात समोर कोणी नसतं," मी म्हणालो आणि निघून आलो.

त्या दिवसापासून बोलणं बंद. तसं आमचं बोलणं म्हणजे तरी काय होतं, ते मला बोलायचे नाहीत आणि मी मागे बघायचो. पण तेही बंद झालं. ते ओट्यावर आले की मी आत. मी आलो की ते पेपर वर धरत. मला वाटायचं, या माणसानं स्वतःच्या बायकोच्या नावाची ओळ स्वतःच्या हातानं खोडली. एक नंबर दिला असता तर काय गंगा आटली असती? कोणासाठी ही शिस्त? विषयासाठी?

मग पितृपक्ष आला. माझ्या धंद्याचा सगळ्यात धावपळीचा पंधरवडा. नाशिक, सातारा, कुठून कुठून माणसं आपल्या पितरांसाठी येतात, त्यांना आपल्याकडच्या चवीचं पान लागतं. मी पहाटेपासून कढईशी. पण मनात एक दिवस टोचत होता. नवमी. अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात तो दिवस. वहिनी गेल्यापासून दर वर्षी आदल्या दिवशी सर आमच्या दारात येत, चौकटीकडे बघून म्हणत, "उद्या नवमी आहे." एवढंच. पुरणपोळीचं काम माझ्याकडे आणि सवाष्ण म्हणून आमची कुसुम, हे त्यात आलं. दोघी मैत्रिणी होत्या. रामनगरची वांगी आली की एक घर भरीत करायचं आणि दोन्ही घरं खायची.

या वर्षी आदल्या दिवशी सर आले नाहीत. मी दार उघडं ठेवून बसलो होतो. म्हणजे वाऱ्यासाठी.

नवमीला सकाळी कुसुमनं हिरवी साडी काढली.

"कुठे?" मी विचारलं.

"वहिनींकडे."

"बोलावणं आलंय?"

"नाही."

"मग?"

"वहिनींची नवमी आहे, तुमची निबंध स्पर्धा नाही," ती म्हणाली. डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडली आणि लगेच परत आली. "लवकर या. वास येतोय."

वास मला केव्हाचाच येत होता. गूळ खाली लागल्याचा वास गल्लीच्या पलीकडून मला ओळखता येतो. मी कबूल करत नव्हतो इतकंच. गेलो.

सरांच्या स्वयंपाकघरात मी वहिनींच्या मागे कधी पाय ठेवला नव्हता; नवमीच्या पोळ्याही माझ्या घरूनच करून न्यायचो. सर गॅससमोर उभे होते, सोवळं नेसून, चष्म्यावर वाफ. कढईत पुरण नव्हतं, आमटी होती. गोड, पिवळी, बुडबुडे येणारी आमटी. सर ती डावानं ढवळत होते आणि ती ढवळली जात होती. खिडकीच्या गजांना कपड्याच्या चिमट्यानं कागद लावलेले. माझा निबंध. दुसरा, सुधारलेला, 'शिजवली जाते' वाला.

"कट काढला नाहीत?" मी विचारलं.

"निबंधात तसं नाही," सर म्हणाले.

"निबंधात होतं. तुम्ही खोडलंत."

माझ्या लक्षात आलं की ओट्यावर डब्याला टेकवून दुसरे कागद उभे केले आहेत. पहिला निबंध, लाल. बिघडल्यावर त्यांनी तो शोधून काढला असावा. लाल रेघांच्या खालचं वाचायचा प्रयत्न करत होते. चष्म्यावर वाफ, अक्षर माझं, वरून त्यांचीच शाई.

"दत्तोपंतांना विचारणं झालं असतं," ते म्हणाले, "पण दत्तोपंत बोलत नाहीत."

मी मागे वळलो नाही. पहिल्यांदाच.

"मग स्वतः कशाला करायला गेलात? दुसरा आचारी मिळाला नसता का?"

त्यांनी डाव खाली ठेवला. "सुधारलेला निबंध निर्दोष आहे," ते म्हणाले. "काल वाचला, आज सकाळी वाचला. एकही चूक नाही. पण तो वाचून इथे उभं राहिलं की वाटतं, घरात कोणीच नाही." मग लाल कागदावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हा दोषांनी भरलेला आहे. पण यात 'तुम्ही गॅस बारीक करा' असं आहे. 'तुम्ही शांत बसा' असं आहे. इतकं कोणी सांगून... शालिनीबाई गेल्यापासून... "

वाक्य पुरं झालं नाही. निबंधवाल्या माणसाचं वाक्य अर्धं राहिलेलं मी तेव्हाच ऐकलं. त्यांचं बोट जिथे होतं तिथे फुलीखाली माझं वाक्य होतं. मी इथेच उभा आहे.

मी म्हणजे खरं तर गोंधळलोच. एवढे दिवस मी म्हणत होतो की या माणसाला समोरचा दिसत नाही. आता हे काय निघालं? मी शड्डू ठोकून भांडायला आलो होतो आणि माझ्या हातात डाव आला होता. तो मी परत त्यांच्याच हातात दिला.

"गॅस बारीक करा तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी केला.

"आता तुम्ही ढवळत राहा. तळापासून. थांबू नका, लागेल."

"किती वेळ?"

"डाव मधोमध उभा राहीपर्यंत."

"ते होईल का?"

"होईल. घाबरू नका. मी आहे."

ते ढवळत राहिले. पाणी आटायला खूप वेळ लागला, कारण गूळ इथला आणि कट आत. त्यांचा हात भरून आला, मी घेतला नाही. मनात आलं होतं घ्यावा, पण घेतला नाही. कुसुम पाट मांडत होती, रांगोळी काढत होती. मध्येच म्हणाली, "आता कटाची आमटी कसली होणार? कट तर पुरणात गेला. पुढच्या वर्षी आमटीवर निबंध मी लिहिते. केतकीला सांगून ठेवते, स्पर्धक क्रमांक दोन."

"'तुम्ही' चालणार नाही," सर ढवळता ढवळता म्हणाले.

"बघू," कुसुम म्हणाली.

"आणि उत्तेजनार्थ हा निकाल बदलता येत नाही."

"मागितलाय कोणी?" मी म्हणालो.

डाव उभा राहिला. जरा कलला, पण राहिला. पोळ्या मी लाटल्या, तेवढं मात्र त्यांच्यावर सोडलं नाही. पहिल्या दोन फुटल्या. पुरण सैल होतं, माझा हात चुकलेला नाही.

दुपार कलली तेव्हा पान वाढलं. वहिनींच्या फोटोसमोर पाट, पाटावर कुसुम, हिरवी साडी, कपाळभर कुंकू. सरांनी स्वतः वाढलं. सवाष्णीला आग्रह करायचा असतो, पण दर वर्षी ते तूप वाढून भिंतीशी उभे राहायचे आणि आग्रह मीच करायचो. 'कुसुम, घे अजून एक.' ती म्हणायची, 'नको.' दोन पोळ्यांवर तिसरी तिनं जन्मात खाल्लेली नाही, साखर आहे तिला.

या वर्षी मी तोंड उघडायच्या आत सर पुढे झाले. हातात ताट, ताटात पोळी. वाकले. फोटोकडे बघितलं नाही, कुसुमकडेही बघितलं नाही, पानाकडे बघत म्हणाले, "तू अजून एक घे गं. तुला आवडते."

मी सवयीनं मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

कुसुमनं मान खाली घातली आणि पान पुढे केलं. तिसरी पोळी तिनं तुपाबरोबर, सावकाश, सगळी खाल्ली.